क्रिस्टिनाने रिकामी ठरवलेली जमीन

क्रिस्टिना तुस्कानो ही बाई नीटनेटकेपणासाठी दुबईतल्या करामा भागात प्रसिद्ध होती. प्रसिद्ध म्हणजे तिच्या इमारतीतल्या चारपाच वसईकर घरांत, पण परमुलखात तेवढी प्रसिद्धीही कामाला येते. कुणाच्या बाप्तिस्म्याच्या जेवणाला कोण कुठे बसणार इथपासून ते मुलांच्या शाळेची बस कुठल्या गेटला थांबणार इथपर्यंत सगळं लोक तिला विचारायचे, कारण ती सांगायची ते बरोबर निघायचं. अशा माणसाकडून चूक होत नाही असं आजूबाजूचे समजतात. वाईट एवढंच, की हळूहळू ते माणूसही तसंच समजायला लागतं.

तिचा नवरा रॉयडन एका हॉटेलात बँक्वेट सांभाळायचा. त्याच हॉटेलात हाउसकीपिंगची सुपरवायझर होती आग्नेस कबुला, टांझानियाच्या उत्तरेकडची, सुकुमा जमातीची, उंच आणि मोठ्याने हसणारी. चर्चमध्ये एकदा रॉयडनने ओळख करून दिली आणि दोघी बायकांचं असं जमलं, की पुढे रॉयडनला मध्ये कुणी विचारेना. रविवारच्या मिसाला दोघी शेजारी बसायच्या आणि मग कबुला जेवायला घरी यायची. क्रिस्टिनाने वसईहून आणलेली सुकटीची चटणी तिला जीव की प्राण. आमच्या तलावातली सुकी मासळी अगदी अशीच लागते, असं ती दर खेपेला सांगायची आणि दर खेपेला दुसऱ्यांदा वाढून घ्यायची. क्रिस्टिनाची मुलगी ओल्गा, जी स्वतःच्या आजीशी फोनवर दोन वाक्यं मराठीत बोलताना रडकुंडीला यायची, ती कबुलाच्या गळ्यात पडून इंग्रजीत तासभर बडबडायची.

अशाच एका जेवणानंतर कबुलाने तिच्या गावाची गोष्ट सांगितली होती. तिची आई लहान असताना गावाभोवतीची टेकाडं पार बोडकी झाली होती. झाडं तोडलेली, गवत गुरांनी मुळासकट खाल्लेलं. वारा सुटला की मातीच उडून जायची आणि पाऊस आला की उरलेली वाहून जायची. उतारावर माणूस उभा मावेल एवढ्या घळी पडल्या. मग जुन्या माणसांनी सगळ्यांना बोलावलं आणि आजोबा-पणजोबांच्या वेळची पद्धत पुन्हा चालू केली. उताराचा एक मोठा तुकडा राखायचा. पावसाच्या सबंध काळात तिथे एकही जनावर जाणार नाही. पाऊस संपला, बाकीचं रान वाळलं, गुरांच्या बरगड्या दिसायला लागल्या, की मगच तो उघडायचा. बायकांनी घळींमध्ये दगड आणि काटक्या रचून माती अडवली. हळूहळू गवत धरलं, विहिरींना पाणी आलं. त्या राखलेल्या तुकड्याला ते न्गितिली म्हणतात.

"अगं, हे तर आमच्याकडेही होतं!" क्रिस्टिना म्हणाली होती. "आम्ही म्हणतो कुरण राखणं. माझ्या आजोळी गुरचरण होतं. दिवाळीपर्यंत आत पाय टाकायचा नाही. टाकला तर आजीचा मार."

"मग तू आमच्यातलीच," कबुला म्हणाली, आणि दोघी हसल्या.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण असं, की क्रिस्टिनाला पुढे 'मला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय उरली नाही. तिला माहीत होतं. स्वतःच्या टेबलाशी बसून तिने ऐकलं होतं.

आता तिच्या नोकरीबद्दल. आखातात दुधाच्या गाई आहेत आणि गाईंना गवत लागतं. इथल्या वाळूत ते पिकवायचं तर पाणी कुठून आणणार? म्हणून काही कंपन्या आफ्रिकेत जमीन शोधतात, तिथे गवत पिकवून गठ्ठे बांधतात आणि बोटीने दुबईच्या जबल अली बंदरात उतरवतात. पण त्याआधी कुठली जमीन मोकळी आहे ते कळायला हवं. ते सांगणाऱ्या एका सल्लागार कंपनीत क्रिस्टिना होती. उपग्रहाने काढलेला फोटो स्क्रीनवर उघडायचा आणि त्यावर रंग भरायचे. शेताला हिरवा, वस्तीला पिवळा, आणि जिथे काहीच चाललेलं दिसत नाही तिथे राखाडी. राखाडी म्हणजे वापरात नसलेली जमीन. दुरून डोंगर साजरे ही म्हण ज्याने केली त्याने माणूस फार तर शेजारच्या गावातून बघत असेल असं धरलं होतं. क्रिस्टिना शेकडो किलोमीटर वरून बघायची, आणि तिला ते डोंगर साजरेही दिसायला नको होते, नुसते मोकळे दिसले की झालं.

ऑफिसची एक रीत होती. फोटोत ढग नकोत. ढगाखालचं दिसत नाही, म्हणून पावसाळ्यातले फोटो बाजूला टाकायचे आणि कोरड्या दिवसांतला, स्वच्छ, एकच फोटो घ्यायचा. काम पटापट होतं. या रीतीत काही खोट आहे असं कुणाला वाटलं नव्हतं, कारण ढग खरंच त्रास देतात.

त्या वर्षी आलेल्या कामात टांझानियातला एक तुकडा होता. फाइलवर गावाचं नाव नव्हतं, नुसता नंबर. पाऊस संपल्यावरचा, जूनमधला फोटो. चहूकडे पिवळं पडलेलं, पायवाटांनी ओरबाडलेलं रान, आणि मधोमध एक उतार, त्यावर दाट गवत. आत झोपडी नाही, गुरं नाहीत, एक पायवाट नाही. फक्त एका बाजूने त्या गवताची कड सुरीने कापल्यासारखी सरळ होती. क्रिस्टिनाचा हात थांबला. निसर्ग अशी सरळ रेघ मारत नाही, हे वाडीत वाढलेल्या मुलीला कुणी शिकवावं लागत नाही.

तिच्या पलीकडे गुणवंत सर बसायचे. पुण्याचे, टीमचे मॅनेजर, माणूस वाईट नाही, फक्त घाईतला.

"सर, ही एज एवढी स्ट्रेट कशी?"

सर खुर्ची सरकवून आले. "फायर लाइन असेल गं. ड्राय सीझनमध्ये गवत पेटतं तिकडे. हट्स आहेत का? कॅटल? ट्रॅक्स? काहीच नाही ना? ग्रे कर. क्लायंट सकाळपासून डोकं खातोय. यल्ला, अपलोड कर आणि खलास."

क्रिस्टिनाने तुकडा राखाडी केला. एवढ्यावर थांबली असती तर निदान घाईत झालं असं म्हणता आलं असतं. पण बाई नीटनेटकी. ती सरळ कड आणि तिचा टोकदार कोपरा तिच्या डोळ्यांत सलत राहिला, म्हणून तिने सॉफ्टवेअरमधलं एक बटण दाबून तो कोपरा गुळगुळीत केला. जे डोळ्यांत खुपतं ते घासून टाकायचं, मग प्रश्नही पडत नाही. त्या दिवशी ती वेळेवर घरी गेली आणि जाताना करामाच्या बाजारातून पापलेट घेऊन गेली.

पुढच्या वर्षी ईस्टरच्या जेवणाला कबुला आली ती हसली नाही. चटणीकडे तिने पाहिलंही नाही.

"आमची न्गितिली गेली," ती म्हणाली. "जिल्ह्याच्या ऑफिसातून माणसं आली होती. म्हणतात ही जमीन गावाच्या वापरात नाही, कंपनीला द्यायची. दुबईत कुणी नकाशा काढलाय म्हणे. माझ्या मामाने विचारलं, वापरात नाही कशी? पंधरा वाड्यांची गुरं त्यावर जगतात. तर ते नकाशावर बोट ठेवून म्हणाले, बघ, इथे कोणीच नाही."

तिने फोन पुढे केला. गावच्या कचेरीच्या भिंतीवर लावलेला नकाशा कुणीतरी वाकडातिकडा टिपला होता. पिवळे ठिपके, हिरव्या पट्ट्या, आणि मधोमध एक राखाडी तुकडा. त्याचा एक कोपरा गुळगुळीत होता.

स्वतःचं हस्ताक्षर ओळखावं तसा तिने तो कोपरा ओळखला.

"तू नकाशांचंच काम करतेस ना?" कबुलाने तिचा हात धरला. "हा खोटा आहे असं दाखवता येईल? काही तरी कर, बहिणी. माझ्या ओळखीत असं शिकलेलं तूच आहेस."

सांगायची वेळ तीच होती. क्रिस्टिनाने तोंड उघडलंही. पण जीभ रेटेना. "बघते," एवढंच म्हणाली, आणि स्वतःचा हात हळूच सोडवून घेऊन भात वाढायला उठली.

त्या संध्याकाळी ड्रॅगन मार्टला पडदे घ्यायला जाताना तिने गाडीत रॉयडनला सांगितलं. त्याने गाडी कडेच्या लेनमध्ये घेतली.

"तू एकटीने नाही ना ठरवलंस. सरांनी सांगितलं."

"रंग मी भरला."

"मग आता काय, ऑफिसचे वाभाडे काढणार? जॉब गेला तर? ओल्गाची शाळा? माझ्या एकट्याच्या पगारात करामा सोडून इंटरनॅशनल सिटीत शेअरिंगला जावं लागेल, माहितीय ना?" मग त्याचा आवाज खाली आला. "मदत कर ना तिला. भरपूर कर. पण ते सांगायलाच हवं असं कुठे आहे?"

हे क्रिस्टिनाला पटलं. पटण्यासारखंच होतं. आपल्याला सोयीचं असतं ते आपल्याला लगेच पटतं.

पण पडद्यांची कापडं उलगडताना तिला सारखे पप्पा दिसत होते. वसईत नवा विकास आराखडा आला होता, तेव्हा नकाशात त्यांच्या वाडीवर कुणीतरी घरांसाठीचा रंग मारला होता. केळी होती, पानवेल होती, विहीर होती, आणि नकाशावर काहीच नव्हतं. पप्पा इस्त्रीचा शर्ट घालून हरकत नोंदवायला रांगेत उभे राहिले, उन्हात, दोनदा. घरी येऊन ते म्हणायचे, "त्या एसीत बसून रंग मारणाऱ्याला एकदा वाडीत आणा रे. केळीचं एक पान तरी दिसतं का बघू त्याला." क्रिस्टिना तेव्हा कॉलेजात होती. त्या माणसाला तिने पप्पांपेक्षा जास्त शिव्या दिल्या होत्या. आज तो माणूस ड्रॅगन मार्टमध्ये पडदे बघत उभा होता, आणि तिला स्वतःच्या चपलांकडेही बघवेना.

तिने मदत केली. भरपूर केली. घरच्या लॅपटॉपवर, कुणालाही मिळतात असे जुने मोफत फोटो काढून तिने गेल्या कितीतरी वर्षांचे महिने एकापुढे एक लावले. मग जे दिसलं ते इतकं उघड होतं, की तिला स्वतःचीच चीड आली. जूनपर्यंत त्या उतारावर काही हलत नाही. ऑगस्ट आला की एकाच बाजूने पायवाटा आत शिरतात, हाताच्या बोटांसारख्या पसरतात, गवत वरून खाली एकेका पट्ट्याने कमी होतं. पाऊस आला की वाटा बुजतात आणि गवत पुन्हा चढतं. दर वर्षी, न चुकता. आजूबाजूच्या घळी वाढत गेल्या होत्या, या उतारावरच्या भरून आल्या होत्या. मोकळी जमीन कसली, अख्ख्या फोटोत सर्वांत जास्त जपलेली जमीन तीच होती. तो टोकदार कोपराही तिने पुन्हा होता तसा काढला.

कबुलाने तो नकाशा गावाला पाठवला आणि तिकडे आनंद झाला. तिथपासून क्रिस्टिनाची खरी शिक्षा सुरू झाली. कबुलाच्या आईने फोनवर तिच्यासाठी प्रार्थना म्हटली. मामाने निरोप दिला, की गावात पुढची मुलगी जन्मेल तिचं नाव क्रिस्टिना ठेवू. कबुलाने रंगीत कापडाचा एक सुंदर तुकडा आणून तिच्या खांद्यावर टाकला आणि चर्चच्या आवारात पाचजणींना सांगितलं, "ही माझी बहीण. हिने आमची जमीन वाचवली." बायकांनी टाळ्या वाजवल्या. क्रिस्टिनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. हिच्या मनात तर भर दुपार होती, सगळं लख्ख. तरी ती हसली. "इन्शाल्ला, सगळं नीट होईल," असं म्हणून त्या कापडाची नीट घडी घातली.

जिल्हा अधिकाऱ्यापुढे सुनावणी ठरली. गाव झाडाखाली जमणार, आणि कबुला दुबईहून व्हिडिओवर बोलणार. अधिकारी इंग्रजीत बोलायचा, म्हाताऱ्यांना सुकुमाच कळायची, म्हणून दोन्हीकडचं सांगायचं काम तिच्याकडे. शनिवारी दुपारी ती क्रिस्टिनाच्या घरी येऊन लॅपटॉपसमोर बसली. क्रिस्टिना बाजूला, पडद्यावर दिसणार नाही अशी.

सुरुवात चांगली झाली. मामाने कुरणाच्या राखणीबद्दल सांगितलं, कबुलाने ते इंग्रजीत केलं. मग नवा नकाशा दाखवला. अधिकारी, चष्मा लावलेला शांत माणूस, तो वाकून बघत राहिला.

"हा कोणी केला?"

"माझ्या मैत्रिणीने. ती नकाशांचीच तज्ज्ञ आहे. ही बघा, इथेच आहे." कबुलाने अभिमानाने लॅपटॉप वळवला. पडद्याच्या कोपऱ्यात क्रिस्टिनाला स्वतःचा चेहरा दिसला.

"मॅडम, कंपनीचा नकाशाही दुबईतच, तज्ज्ञांनीच केलेला आहे. तुमचा खरा आणि तो चुकीचा, हे मी कशावरून धरू?"

"त्यांनी एकच फोटो पाहिला, सर. कोरड्या दिवसांतला. मी सगळ्या वर्षांचे पाहिले."

"त्यांनी एकच पाहिला हे तुम्हाला कसं माहीत?"

प्रश्न साधा होता. अधिकारी काही आडमुठा नव्हता, त्याच्या जागी कुणीही हेच विचारलं असतं. याचं उत्तर फक्त एकाच माणसाला देता येत होतं, आणि ते दिल्याशिवाय तो नवा नकाशा म्हणजे मैत्रिणीने मैत्रिणीला दिलेला चांगला कागद, यापलीकडे काही नव्हता. कबुला तिच्याकडे बघत होती, विश्वासाने, आता बहीण काहीतरी भारी सांगणार अशा नजरेने.

"कारण तो मीच काढला," क्रिस्टिना म्हणाली.

अधिकाऱ्याने चष्मा काढला. कबुला हसतच वळली, ऐकण्यात चूक झाली असेल अशी.

"पहिला नकाशा. मी काढला. सांग त्यांना."

झाडाखालची माणसं थांबली होती. त्यांना इंग्रजी कळलं नव्हतं, कुणी तरी काही तरी बोललं एवढंच दिसलं होतं. मामाने दोनदा विचारलं, काय म्हणाली? शेवटी कबुलाने पडद्याकडे तोंड केलं आणि सुकुमात ते वाक्य सांगितलं. फार लहान वाक्य होतं. क्रिस्टिनाला त्या भाषेतला एक शब्द येत नव्हता, पण ते वाक्य तिला कळलं, कारण पडद्यावरच्या सगळ्या माना एकदम वर झाल्या.

मामाने एक प्रश्न विचारला. कबुलाने तो क्रिस्टिनाकडे न बघता इंग्रजीत केला.

"तो विचारतोय, तुला ती जागा रिकामी का वाटली?"

"तिथे एकही पायवाट नव्हती."

कबुलाने सांगितलं. मागे बसलेल्यांत कुणी तरी हसलं, मग आणखी दोघेतिघे. म्हातारा मामा हसला नाही.

"तो म्हणतोय, पायवाट पडू नये म्हणून त्याने पोटच्या पोराला काठीने मारलंय. विचारतोय, पायवाटा असत्या तर तू काय लिहिलं असतंस?"

क्रिस्टिनाला खोटं बोलता आलं असतं. पण आता खोटं बोलायचीही लाज वाटत होती. "गुरांनी चरून उजाड केलेली जमीन, असं."

"आणि मग?"

"मग तीही कंपनीला दाखवली असती."

कबुलाने हेही सांगितलं. एक शब्द गाळला नाही की एक मऊ केला नाही. या वेळी कुणी हसलं नाही. म्हाताऱ्याने मान हलवली, काहीतरी हिशोब जुळल्यासारखी, आणि तो खाली बसला.

अधिकारी म्हणाला, की पहिला नकाशा करणारीच तो चुकीचा आहे म्हणत असेल तर जमीन देण्याचं थांबवावं लागेल. ऑगस्टमध्ये कुरण उघडतात तेव्हा तो स्वतः बघायला जाईल. मात्र मॅडमनी हे लेखी द्यायला हवं, नाव, हुद्दा आणि कंपनीच्या नावासकट. क्रिस्टिना हो म्हणाली. गुणवंत सरांचा चेहरा आणि ओल्गाची शाळा एकदमच तिच्या डोळ्यांपुढे आली, तरी हो म्हणाली.

कॉल संपला. कबुलाने लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.

"कबुला, मला सांगायचं होतं. पहिल्याच दिवशी. मला इतकी लाज..."

"जमीन राहील बहुतेक," कबुला म्हणाली. "ते चांगलं झालं." ती थांबली. "नकाशात तू चुकलीस. माणूस चुकतो. पण ईस्टरपासून मी तुझे आभार मानतेय. माझ्या आईने तुझ्यासाठी गुडघे टेकले. आणि तू मानू दिलेस."

क्रिस्टिनाने लॅपटॉप मिटला.

"लेखी दे," कबुला म्हणाली. "आत्ता. मी थांबते."

क्रिस्टिना टाइप करायला बसली. या घरात आली की चपला भिरकावून थेट स्वयंपाकघरात शिरणारी कबुला सोफ्याच्या कडेला टेकली, पर्स मांडीवर घेऊन, कामासाठी आलेल्या अनोळखी बाईसारखी. क्रिस्टिनाने चहा विचारला. ती म्हणाली, "नको, थँक यू."